धुऊन पाहिलंस का?

सोफिया, १२ फेब्रुवारी २०१२

प्रिय आत्या,

तू फोनवर बोलत नाहीस आणि घरात कॉम्प्युटर येऊ देत नाहीस, त्यामुळे पाकिटाला तिकीट चिकटवणारा या शहरातला बहुधा मी शेवटचाच माणूस. पोस्टातली बाई माझ्याकडे कीव केल्यासारखी बघते. असो. बातमीच अशी आहे की तिच्यासाठी तेवढा अपमान सोसला.

आमची कॅप्सूल तयार झाली.

तुझ्यासारख्या, गव्हाचा कण पोटात गेला तरी आडव्या होणाऱ्या माणसांसाठी. गव्हातलं ग्लुटेन आतड्यात पोचायच्या आधीच कापून टाकणारं एक एन्झाइम आहे. आम्ही त्याला कात्री म्हणतो. ती नुसती गिळली तर पोटातलं आम्ल तिचा फडशा पाडतं. जिवाणूच्या आत ठेवली तर ती ग्लुटेनला शिवतसुद्धा नाही. ती जिवाणूच्या अंगावर, बाहेरून, घट्ट बसायला हवी. आपल्या साध्या, दूध आंबवणाऱ्या जिवाणूच्या अंगावर आम्ही ती बसवली आहे. तुमच्या पिढीनं जन्मभर जिवाणूची भिंत खरवडली, निबंध छापले आणि पेन्शन घेतली. आम्ही त्याच भिंतीवर कामाची वस्तू टांगली. राग मानू नकोस, पण फरक आहे.

कारामफिलोव्ह साहेब (कंपनी त्यांचीच) म्हणाले, "ल्युबेन, हे तुझं मूल आहे." मोठ्या माणसांवरची पहिली चाचणी झाली, चार दिवस अंगठ्याएवढा पाव देऊन, कोणी तक्रार केली नाही. जुलैत काळ्या समुद्राकाठी हे दुखणं असलेल्या मुलांचं शिबिर भरेल. तिथे मुलांना कॅप्सूल देऊन दोन आठवडे साधा पाव खायला घालायचा. परवानगी देणारी समिती तेवढी बाकी आहे.

सोबत एक डबी पाठवतोय. या ईस्टरला सणाचा गोड पाव, कोझुनाक, खाशील का, आत्या? लोणी लावून?

तुझा,
ल्युबेन

*

लोवेच, २० फेब्रुवारी

ल्युबेन,

पत्र पोचलं. डबीही पोचली. डबी सुंदर आहे. तुमच्या कंपनीत चित्रकार चांगला आहे, एवढं नक्की कळलं.

आता तुझ्या पत्राबद्दल. "घट्ट बसवली आहे," असं तू लिहितोस. कशानं बसवलीस? थुंकी लावून? तू तिकीट चिकटवतोस तशी? दोन पानं स्वतःची आरती ओवाळलीस, पण ती कात्री भिंतीला कोण बांधतं, यावर एक ओळ नाही.

तुझ्या बापाला मी सांगितलं होतं, या मुलाला वकील कर. ऐकलं नाही. तो आता वर सुखात आहे, आणि खाली तुला जिवाणू शिकवणं माझ्या नशिबी. तर ऐक. भिंत खरवडणारी म्हातारी बोलते आहे.

जिवाणू आपल्या अंगावर प्रथिनं काही एकाच तऱ्हेनं लावत नाही. काहींना चरबीची शेपटी असते. ती खालच्या पातळ पापुद्र्यात रुतते. काही नुसती विद्युतभारामुळे भिंतीला चिकटतात, ओल्या चपलेला पान चिकटावं तशी. खारट पाण्यात बुचकळलं की गेली! आणि काही खरोखर बांधलेली असतात. अशा प्रथिनाच्या शेपटीला पाच अक्षरांची एक खूण असते. जिवाणूचं एक एन्झाइम ती खूण ओळखतं, तिथे शेपूट कापतं आणि उरलेलं प्रथिन भिंतीच्या धाग्यात गाठ मारून टाकतं. ही गाठ पाण्यानं सुटत नाही, मिठानं सुटत नाही. भिंत फोडाल तेव्हाच सुटेल.

पण प्रत्येक जातीचं गाठ मारणारं एन्झाइम आपापली खूण ओळखतं. एका अक्षरानं चुकलात तर ते तुमच्या प्रथिनाकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही खूण कुठल्या जिवाणूची घेतलीत आणि टांगलीत कुणाच्या भिंतीवर?

आणि मुख्य प्रश्न. धुऊन पाहिलंस का? चांगलं खारट पाण्यानं, तीनदा, आणि मग मोजलंस का?

नसशील पाहिलं तर तुझी कॅप्सूल म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पाव मात्र खरा असेल.

नेव्हेना आत्या

*

सोफिया, ९ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत वाचून दाखवलं. सगळे खूप हसले. एक मुलगी म्हणाली, यांना संग्रहालयात ठेवायला हवं, दुधाच्या जुन्या घागरींशेजारी.

तुला काय वाटतं, युरोपातून पैसा आणणारी कंपनी तुझ्या शाळकरी प्रश्नांवर अडेल? खूण जगभर सगळे वापरतात तीच आहे, शेकडो प्रयोगांत चाललेली. कात्रीचं काम आम्ही दर आठवड्याला मोजतो आणि आकडे असे येतात की यंत्राला नवी पट्टी लावावी लागली.

आणि हो, धुतलं. मी स्वतः धुतलं, खारट पाण्यानं, तीनदा. जवळपास सगळं जागेवर राहिलं. झालं समाधान? का आता विचारशील, मीठ कुठल्या दुकानातून आणलं?

तुझा त्रास मला कळतो. आयुष्यभर ज्या दारापाशी उभं राहिलो ते दुसऱ्या कुणी उघडलं, की माणूस दाराच्या कडीला नावं ठेवतो.

मार्चची लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा पाठवतोय. मनगटाला बांध, आणि पहिला करकोचा दिसला की झाडाला. तेवढं तरी शंका न काढता कर.

ल्युबेन

*

लोवेच, २८ मार्च

ल्युबेन,

मार्तेनित्सा बांधली. करकोचा दिसला. वेळेवर आला, कारण त्याला कोणी निधी देत नाही.

त्या हसणाऱ्या मुलीला सांग, घागर नीट घासलेली असते. तिच्या परीक्षानळ्यांबद्दल मी तसं म्हणणार नाही.

आता कामाचं. तुमच्या त्या खुणेबद्दल माझं मत अजून तेच आहे: ही आपल्या जिवाणूला पटणारी खूण नव्हे. पण तू धुतलंस म्हणतोस, आणि धुतल्यावर राहिलं म्हणतोस. मग माझं मत गेलं खड्ड्यात. मोजमापासमोर मत ठेवणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यातली बरीचशी मंत्री झाली. मला नाही व्हायचं.

तेव्हा मी चुकले असेन. हे वाक्य कापून चौकटीत लाव, पुन्हा मिळणार नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र सांभाळ. मोठ्यांना तुम्ही अंगठ्याएवढा तुकडा चार दिवस दिलात आणि "तक्रार नाही" म्हणता. या दुखण्यात निम्म्या लोकांना काही जाणवत नाही आणि आतून आतड्याचं अस्तर झिजत असतं. ते तक्रार कुठल्या तोंडानं करील?

नेव्हेना आत्या

*

सोफिया, २ मे

आत्या,

ईस्टरला कार्ड पाठवलं, उत्तर नाही. नंतर एक चिठ्ठी टाकली, तिलाही नाही. शेवटी मिंकाबाईंच्या फोनवर फोन केला, म्हटलं शेजारीण आहेत, बोलावून देतील. त्या म्हणाल्या, "नेव्हेनाबाई घरी नाहीत," आणि फोन ठेवला. तू शेजारच्या खोलीत बसून खुणा करत असशील, हे मला दिसत होतं.

म्हणजे रुसलीस तर. "मी चुकले असेन" असं एकदा लिहिलंस आणि एवढं जड गेलं की महिनाभर लेखणी उचलवेना! मला माहीत होतं तू मानी आहेस. मत्सरी असशील असं वाटलं नव्हतं.

तुझ्या माहितीसाठी: मागच्या आठवड्यात टीव्हीवर माझी मुलाखत झाली. साहेबांनी मला मध्ये बसवलं. मुलाखत घेणारी म्हणाली, "तुमच्या घरात कोणाला हा आजार आहे का?" मी म्हटलं, "आत्याला आहे, तिच्यासाठीच हे सगळं." आणि ती आत्या मला दोन ओळी लिहीत नाही.

समिती सव्वीस जूनला बसते. माझ्या सहीचा अहवाल त्यांच्याकडे गेला.

ल्युबेन

*

लोवेच, २१ मे

ल्युबेन,

हिसारला गेले होते, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. म्हाताऱ्या बायका जातात तशी. अक्षर वाकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस, टेबल हलतं.

टीव्ही पाहिला नाही.

एक काम कर. पुन्हा धुऊन पाहा. जिवाणू वाढवायच्या मोठ्या टाकीतून उपसलेलं नको. डबीतली कॅप्सूल फोडून घे, लोकांच्या पोटात जाणार आहे ती. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, स्वतः कर.

तुझी कात्री जागेवर नाही. मला ठाऊक आहे.

नेव्हेना आत्या

*

सोफिया, १० जून

आत्या,

"मला ठाऊक आहे"! हे वाचून मी कागद चुरगाळला. घरबसल्या, प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि बाईंना ठाऊक आहे! तुझं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून मी रविवारी, कोणी नसताना, कॅप्सूल फोडल्या.

काही नाही, आत्या.

कात्रीचं काम शून्य. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग टाकीतला नमुना घेतला. न धुता मोजला तर आकडा झकास. खारट पाण्यानं एकदा धुतला तर चौथा हिस्सा उरला. तीनदा धुतला तर काही नाही, आणि सगळी कात्री धुवणाच्या पाण्यात सापडली. ती भिंतीला बांधलेली नव्हतीच कधी. जिवाणूंभोवतीच्या पाण्यात तरंगत होती, थोडी वरवर चिकटली होती, आणि आम्ही दर आठवड्याला पाण्यासकट मोजत होतो. कारखान्यात वाळवायच्या आधी जिवाणू धुतातच. म्हणजे जे आम्ही मोजत होतो ते नाल्यात जात होतं आणि कॅप्सूलमध्ये नुसते जिवाणू भरले जात होते. दह्यात असतात तसले.

खूणही तपासली. तू म्हणालीस तसंच. आपल्या जिवाणूचं एन्झाइम शेवटच्या जागी दुसरंच अक्षर मागतं. एका अक्षराचा फरक.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मार्चमध्ये मी तुला लिहिलं की मी स्वतः धुतलं. धुतलं नव्हतं. अहवालातही तेच लिहिलं आहे, खाली माझी सही आहे.

साहेबांकडे गेलो. सांगितलं, "धुतल्यावर काहीच राहत नाही."

"मग धुऊ नकोस," ते म्हणाले.

"कारखान्यात धुतातच ना!"

"अरे, कॅप्सूलमध्ये जिवंत जिवाणू किती, एवढंच तिथे तपासतात. ते भरपूर आहेत. दही खाऊन कोणी मेलंय का आजवर?"

"दही नाही साहेब, मुलं पाव खाणार आहेत."

"मोठ्यांनीही खाल्ला. एक तरी माणूस आजारी पडल्याचं मला दाखव. दाखव!" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू दमला आहेस. शिबिर होऊ दे, तिथलंच हॉटेल तुला आठवडाभर देतो."

आजारी पडलेला माणूस माझ्याकडे नाही. आणि माझ्या सहीविरुद्ध माझाच शब्द कोण ऐकेल? व्हिएन्नाला एका प्रयोगशाळेत जागा आहे, त्यांनी विचारलं होतं. मी राजीनामा देतो आणि जातो. निदान माझा हात त्यात राहणार नाही.

तू म्हणशील ते मला मान्य आहे.

ल्युबेन

*

लोवेच, १६ जून

ल्युबेन,

मी म्हणेन ते मान्य आहे? बरं झालं. बस खाली.

आजारी पडलेलं माणूस हवंय ना तुझ्या साहेबाला? ते माणूस मी आहे.

हिसारला मी गेले नव्हते. सरकारी इस्पितळात होते, बाजारामागच्या. ईस्टरच्या रविवारी मिंका कोझुनाक घेऊन आली. दर वर्षी आणते; मी वास घेते आणि तिच्याच हाती परत देते, अशी आमची रीत आहे. या वर्षी मी म्हटलं, "ठेव." ती घाबरली. "नेव्हेनाबाई, वेड लागलं का? डॉक्टरांना विचारलंत?" मी म्हटलं, "कसला डॉक्टर? माझ्या भाच्यानं केलंय हे." तुझ्या दोन कॅप्सूल घेतल्या आणि चांगला जाड तुकडा खाल्ला. लोणी लावून. मग दुसरा खाल्ला. चव विचारू नकोस, सांगणार नाही. ती माझी आहे.

दुपार टळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी मिंकाच्या जावयानं मला उचलून गाडीत घातलं, पोत्यासारखं. सलाईनवर सलाईन. तिथे एका पोरसवदा डॉक्टरनं मला झापलं: "आजी, इतकी वर्षं पाळलंत आणि या वयात ही अवदसा कुठून आठवली?" मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. काय सांगू? मी विद्यापीठात जिवाणूंची भिंत शिकवायचे, हे सांगू? अजून जिना चढताना मध्ये बसावं लागतं. वजन इतकं उतरलंय की स्कर्टला पिन लावते.

आता तू विचारशील, इतक्या शंका होत्या तर खाल्लंस कशाला? शंका होत्याच. खूण चुकीची आहे, हे मला दिसत होतं. पण तू लिहिलंस, धुतलं. मी स्वतः धुतलं. ल्युबेन, माझ्या धंद्यात "मी मोजलं" एवढं माणसानं म्हटलं की समोरच्यानं टोपी काढायची असते. मी काढली. तुला शिव्या देणारी पत्रं मी तुला लिहिली; तुझी फुशारकीची पत्रं मात्र गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवली. मिंकाला पाठ झाली आहेत. सगळ्या बल्गेरियात तुझा शब्द खरा धरून जेवणारी एकच मूर्ख बाई निघाली, आणि तीही या विषयातली प्राध्यापक. हसव तुझ्या त्या मुलीला.

मी तुला हे सांगणार नव्हते. धुऊन बघशील, खरं कळेल, गप्प सुधारशील, असं वाटलं होतं. तर तू व्हिएन्नाला निघालास! राजीनामा म्हणे. "माझा हात त्यात राहणार नाही"! अरे, हात तर कागदावर आहे, सहीसकट. तू गेलास की तो कागद इथे बसून मुलांना पाव वाढेल. भ्याडानं सभ्यपणे दार लावून घेतलं की त्याला राजीनामा म्हणतात.

सव्वीस तारखेला समितीसमोर जा. माझं नाव घे. इस्पितळाचं नाव घे. लाजू नकोस, लाजायची पाळी माझी होती, ती मी सलाईनच्या बाटलीखाली उरकली.

नेव्हेना आत्या

*

सोफिया, १ जुलै

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लोवेचची बस धरली होती. अर्ध्या वाटेवर उतरून परत फिरलो. तुझ्यासमोर उभं राहण्यापेक्षा समितीसमोर उभं राहणं सोपं वाटलं. खरं तेच सांगतो आता, सवय लावून घेतोय.

समितीत पाच जण होते. मधोमध डॉक्टर झ्लातेव्हा, बारीकशा बाई, चष्मा दोरीला बांधलेला. साहेबांनी पडद्यावर समुद्र, हसरी मुलं, पाव, सगळं दाखवलं. मग बाईंनी माझा अहवाल उचलला.

"इथे लिहिलंय, धुऊन पाहिलं, प्रथिन जागेवर राहिलं. सही तुमची?"

"माझी."

"खरं आहे?"

"नाही," मी म्हटलं. "धुतलंच नव्हतं. आता धुतलं. काही राहत नाही."

साहेब ताडकन उठले. "हा मुलगा महिनाभर आजारी आहे. डोक्यावर ताण आलाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "मग का लिहिलंत?"

उत्तर मी पाठ करून गेलो होतो: कामाची घाई, वरून दबाव, तारीख. तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "कारण धुतलं तर निघून जाईल, अशी भीती वाटत होती."

 पाणी वाढणारा माणूस जग हातात धरून उभा राहिला.

मग मी तुझं सांगितलं. नाव, इस्पितळ, ईस्टर. साहेब हसले, आत्या. "एका म्हातारीचं पोट बिघडलं म्हणून तुम्ही विज्ञान थांबवणार? सणाला जास्त खाल्लं असेल बाईंनी!"

मी म्हटलं, "जिवाणूला भिंत असते हे तुम्हाला कळायच्या आधीपासून त्या बाई ती शिकवत होत्या. आणि त्यांनी जास्त खाल्लं नाही. माझ्यावर विश्वास ठेवून खाल्लं." आवाज चिरकला माझा. टीव्हीवर किती छान लागला होता.

परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत कॅप्सूल धुऊन तपासायच्या, तोपर्यंत कोणाला एकही द्यायची नाही, असं ठरलं. मुलं समुद्रावर जाणारच आहेत. त्यांना त्यांचंच जेवण मिळेल.

मला त्याच संध्याकाळी काढलं. कंपनीनं जाहीर केलं की एका तरुण कर्मचाऱ्यानं आकडे बनवले आणि व्यवस्थापनाला अंधारात ठेवलं. व्हिएन्नावाल्यांनी ते वाचलं. आता जागा नाही म्हणतात. ती हसणारी मुलगी रस्त्यात भेटली, तिनं पलीकडचा फुटपाथ धरला.

एका मित्राची टॅक्सी आहे, रात्रपाळीला माणूस हवाय. तीच चालवीन. या विषयाचं नाव काढायची माझी लायकी नाही.

तुझ्या तब्येतीला उतार आहे का? जिन्यात अजून बसावं लागतं का? हे मी आधी विचारायला हवं होतं. मला माफ करता येईल का तुला?

ल्युबेन

*

लोवेच, ९ जुलै

ल्युबेन,

टॅक्सी! तुला आयुष्यात ब्रेक कुठे असतो ते कळलं नाही, आणि टॅक्सी चालवणार म्हणे. सोफियाच्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय?

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा चष्मा सापडत नव्हता. झ्लातेव्हाबाई हुशार दिसते. मी फेब्रुवारीपासून पानंच्या पानं खरडत होते, तिनं दोन शब्दांत काम केलं: खरं आहे? मीही तेवढंच विचारायला हवं होतं. मला मिठाचं पाणी सुचलं.

आणि तुझं उत्तर. धुतलं तर निघून जाईल अशी भीती. एवढी अक्कल मार्चमध्ये होती म्हणजे! प्रथिनाबद्दल तुला माहीत होतं तर. स्वतःबद्दल माहीत नव्हतं. असो. ते शिकवणारी प्रयोगशाळा कुठे नाही.

कंपनी म्हणते तू आकडे बनवलेस. अर्धं खरं आहे, म्हणून फार रडू नकोस. उरलेलं अर्धं त्यांच्या डोक्यावर बसेल, वेळ लागेल.

माफीचं विचारलंस. नाही. अजून नाही. डॉक्टर म्हणतो आतड्याचं अस्तर परत यायला वर्ष लागेल. माफीला त्याहून कमी का लागावं? घाई करू नकोस, मी मरत नाहीये. जिन्यात बसते, पण आता एकदाच.

माझी एक विद्यार्थिनी आहे, राद्का. त्रोयानला दूध तपासायची छोटी प्रयोगशाळा चालवते. पगार हास्यास्पद, खिडकीतून गोठा दिसतो, दिवसभर नमुने घ्यायचे, मोजायचे, भांडी धुवायची. तिला माणूस हवाय. मी तुझी शिफारस केली. मोठ्या कष्टानं केली. ती म्हणाली, "बाई, पेपरात आलंय ते खरं का? मुलगा खोटारडा आहे?" मी म्हटलं, "त्याला खोटं बोलता येत नाही गं. एकदाच बोलला आणि सगळ्या देशाला कळलं." ती हसली. पहिल्या तारखेला ये म्हणाली.

संध्याकाळी, तिची परवानगी असेल तर, त्या खुणेतलं एक अक्षर बदलून बघायला कोण अडवतंय? कॅप्सूल होणार नाही. पैसा येणार नाही. टीव्ही येणार नाही. नुसतं गाठ बसते का, ते कळेल.

त्रोयानहून लोवेच तासाच्या आत आहे. रविवारी येत जा. अर्ध्या वाटेवर उतरलास तर बसवाल्याला मी ओळखते.

माझ्याकडे जेवायला काचामाक असतो, तोच मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. वर चीज. दुसरं काही मिळणार नाही. तुला आवडत नाही, मला माहीत आहे. लहानपणी टेबलाखाली मांजरीला घालायचास.

मलाही कधी आवडला नाही.

नेव्हेना आत्या